चिखल आणि चिंध्या

सामान्य काळातील विसावा रविवार, वर्ष क
वाचने : यिर्मया ३८:४-६, ८-१०, इब्री १२:१-४, लूक १२:४९-५३



आजच्या पहिल्या वाचनात यिर्मया संदेष्ट्याला दोर लावून एका टाक्यात सोडण्यात येते. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. शहर पडणार हे यिर्मया उघडपणे सांगत होता आणि ते ऐकून सैनिकांचे धैर्य खचते अशी सरदारांची तक्रार होती. सिद्कीया राजाने हात झटकले आणि सरदारांनी आपले काम केले. पवित्र शास्त्र येथे एक तपशील आवर्जून देते. टाक्यात पाणी नव्हते, चिखल होता, आणि यिर्मया त्या चिखलात रुतला.

त्या देशात पावसाचे पाणी साठविण्यासाठी खडकात टाकी खोदत. तोंड अरुंद आणि पोट मोठे. पाणी संपले की तळाशी गाळ उरे. त्यात उभ्या असलेल्या माणसाला बसता येत नाही, झोपता येत नाही. एक पाय काढावा तर दुसरा अधिक खोल जातो. हे समजावून सांगण्यासाठी आपल्या वसईत ऑगस्ट महिन्यात कोणत्याही भाष्यग्रंथाची गरज नाही. खाजणाच्या बांधावरून सकाळी सायकल घेऊन स्टेशन गाठणाऱ्या कोणालाही विचारावे.

आपल्या धर्मग्रामात असे बरेच जण आहेत. डांबरी रस्त्याने गेले तर वसई रोड स्टेशनजवळच्या वाहतुकीत अर्धा-पाऊण तास मोडतो, रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागते ते वेगळेच. म्हणून वाडीतून, शेताच्या कडेने, बांधावरून जाणारी जुनी वाट धरतात. उन्हाळ्यात ही वाट सुखाची आहे. पावसाळ्यात मात्र तिचे चार महिने लोणी होते. काही जण तिकडून पुढे पूल ओलांडून पूर्वेला वालीव, सातिवलीच्या गाळ्यांत कामाला जातात. काही स्टेशनवर सायकल लावून गाडी पकडतात. काही जण रात्रपाळी करून पहाटे त्याच वाटेने उलटे येतात.

वाट नवी नाही. आपल्या वाडवडिलांनी याच बांधांवरून भाजीच्या पाट्या, केळीची पाने, फुलांच्या करंड्या आणि दुधाच्या बरण्या पहिल्या गाडीला पोहोचविल्या. काळी, उंच, वजनदार सायकल, मागे लोखंडी कॅरिअर, हँडलला टांगलेला कंदील. त्या सायकलीचे आणि चिखलाचे वैर ज्यांनी अनुभवले आहे ते अजून आपल्यात आहेत. चिकण माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी घट्ट बसे की चाक फिरायचेच थांबे. मग काठीने माती उकरायची, नाही निघाली तर सायकल खांद्यावर. म्हणजे ज्या वाहनाने आपल्याला न्यायचे त्यालाच आपण न्यायचे. कित्येकांनी पावसाळ्यापुरती मडगार्डच काढून ठेवली. मग पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ उठे आणि ती रेघ घेऊनच माणूस दादरच्या बाजारात उभा राही.

आता आपली तरुण मुले जी जाड टायरची, गिअरची सायकल वापरतात, ती मुळात याच अडचणीवर शोधलेली वाटावी अशी आहे. चाकाभोवती मोकळी जागा, टायरवर उंच बोंडे, ब्रेकची चकती चाकाच्या मध्याशी, म्हणजे कड चिखलाने माखली तरी ब्रेक लागतो. प्रत्यक्षात तिचा जन्म कॅलिफोर्नियातल्या डोंगरात झाला. १९७० च्या दशकात मरिन परगण्यातील काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या वाटेने खाली सोडत. १९७६ पासून त्यांनी तिथे शर्यती लावल्या. त्या उतरणीला त्यांनी ‘रिपॅक’ हे नाव दिले, कारण खाली पोहोचेपर्यंत मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस तापून जळून जाई आणि पुन्हा भरल्याशिवाय सायकल चालत नसे. त्यांच्यासाठी तो खेळ होता. आपल्याकडे तीच सायकल जेवणाचा डबा घेऊन गाळ्यावर जाते.

अशीच एक सायकल आपल्या एका घरात दुफळीचे कारण झाली. नावे सांगण्याचे कारण नाही, कारण थोड्याफार फरकाने तीन-चार घरांत हेच चालले आहे. वडिलांनी आयुष्यभर सायकलवर दूध घातले. मुलाला शिकविले. मुलगा पूर्वेला एका कारखान्यात सुपरवायझर झाला. पहिल्या वर्षी तो मोटारसायकल घेईल अशी घरात सगळ्यांची खात्री होती. त्याने जुन्या मोटारसायकलच्या किमतीत गिअरची सायकल आणली आणि बांधावरून कामाला जाऊ लागला. संध्याकाळी घरी येतो तो गुडघ्यापर्यंत माखलेला. घर आशीर्वादित करायला गेलो असता वडील म्हणाले, “फादर, तुम्हीच सांगा याला. मी ज्या चिखलातून बाहेर पडावे म्हणून तीस वर्षे पेडल मारले, त्याच चिखलात हा पैसे देऊन जातो.” मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हाला जावे लागत होते. मी जातो.” आई स्वयंपाकघरातून म्हणाली की कपडे मात्र मलाच धुवावे लागतात.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो की आपल्यामुळे एकाच घरातील माणसे एकमेकांच्या विरोधात उभी राहतील, बाप मुलाविरुद्ध आणि मुलगा बापाविरुद्ध. प्रभूने हे सायकलीविषयी सांगितलेले नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. तरीही घरातील वाद कशावरून आहे हे नीट पाहिले तर वरच्या कारणाखाली बहुधा दुसरेच काही असते. इथे त्या वडिलांना सायकल खुपत नव्हती. चिखल बघून लोक काय म्हणत होते ते त्यांना तीस वर्षे आठवत होते. दूध घालताना ज्या व्हरांड्यांत त्यांना पायरीखाली उभे केले गेले, त्या पायऱ्या त्यांच्या मनात होत्या. मुलाचे म्हणणे खोटे नाही. वडिलांचेही नाही. परंतु चिखलाचे कौतुक करणे त्यालाच परवडते ज्याच्याकडे दुसरी वाट आहे, हे मुलाने लक्षात ठेवले तर बापलेकांचे बोलणे सुरू होईल असे आम्हांला वाटते.

त्या तरुणाकडून आम्ही चिखलात सायकल कशी चालवावी याचे थोडे ज्ञान घेतले. त्यातील दोन गोष्टी येथे नोंदवितो. पहिली अशी की टायर कडक फुगवून चिखलात जाऊ नये. हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो, जमिनीला अधिक अंगाने टेकतो आणि घसरत नाही. फुगलेले चाक डांबरावर वेगाने धावते आणि चिखलात पहिल्या वळणावर आडवे होते. ज्ञान माणसाला फुगविते असे संत पौल करिंथकरांना लिहितो, तेव्हा त्याला काय म्हणायचे होते ते सेमिनरीतील आमच्या तत्त्वज्ञानाच्या सगळ्या वर्षांपेक्षा या टायरने अधिक स्पष्ट केले. दुसरी गोष्ट म्हणजे डबक्याकडे पाहायचे नाही. नजर ज्या ठिकाणी, चाक त्या ठिकाणी. डबके चुकवायचे असेल तर त्याच्या पलीकडच्या कोरड्या जागेकडे पाहायचे आणि पाय थांबवायचे नाहीत. इब्री लोकांस पाठविलेल्या पत्राचा लेखक आज दुसऱ्या वाचनात जवळजवळ हेच सांगतो. अंगावरचे ओझे टाका, धीराने धावत राहा आणि येशूकडे नजर लावा. त्याच्या डोळ्यांपुढे पायी धावण्याची शर्यत होती. दोन चाकांचे पहिले यंत्र १८१७ साली जर्मनीत कार्ल द्राइस यांनी चालविले. त्यालाही पेडल नव्हते, पायांनी जमीन ढकलावी लागे.

त्याच पत्रात साक्षीदारांच्या मोठ्या मेघाचा उल्लेख आहे. त्या मेघात आता एखादा सायकलस्वारही असावा. इटलीचे जिनो बार्ताली हे श्रद्धावंत कॅथलिक होते. १९३८ आणि १९४८ अशी दहा वर्षांच्या अंतराने दोनदा त्यांनी टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. मधल्या युद्धकाळात ज्यू कुटुंबांना वाचविण्यासाठी त्यांनी सायकलवरून बनावट ओळखपत्रे पोहोचविली. याबद्दल जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने २०१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, त्यांचा गौरव केला. त्यांनी स्वतः याविषयी फारसे बोलणे टाळले होते.

इटलीतच, कोमो सरोवराजवळच्या डोंगरावर, गिसालोच्या मरियामातेचे लहानसे मंदिर आहे. पोप पायस बारावे यांनी १३ ऑक्टोबर १९४९ रोजी तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. या मंदिराच्या भिंतींवर नामवंत सायकलपटूंच्या सायकली आत टांगलेल्या आहेत. ज्या सायकलींनी पाऊस, चिखल आणि धूळ खाल्ली, त्या वेदीपासून थोड्याच अंतरावर आहेत. परवाच आपण मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण साजरा केला. तिला आपल्या मंदिरात सायकलींची अडचण झालेली दिसत नाही.

हे सांगण्यास एक कारण घडले आहे. गेल्या महिन्यात सूचनापेटीत एक चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीवर नाव नव्हते. सकाळच्या सहाच्या मिस्साला चिखलाने बरबटलेले काही लोक येतात, नवी लादी खराब होते, बाके डागाळतात, तरी अशा लोकांना मागच्या पडवीत उभे राहण्यास सांगावे, अशी सूचना होती. अक्षर सुरेख होते आणि भाषा नम्र होती. चिठ्ठी लिहिणाऱ्याला मंदिराची काळजी आहे यात शंका नाही. आपल्या भगिनी दर शनिवारी गुडघ्यांवर बसून ती लादी पुसतात, त्यांचे श्रम आम्ही रोज पाहतो.

परंतु ही सूचना कोणाविषयी आहे? वर ज्याचा उल्लेख केला तो तरुणही कधीमधी कामावर जाण्यापूर्वी सहाच्या मिस्साला येतो आणि त्याच्याही बुटांना चिखल असतो. त्याच्याविषयी चिठ्ठी आलेली नाही. उलट मिस्सानंतर चार जण त्याच्या सायकलीभोवती जमतात, गिअर किती, वजन किती, वजन किती कमी झाले, अशी विचारपूस होते. सूचना आहे ती रात्रपाळी संपवून काळ्या सायकलींवर येणाऱ्या रखवालदार बांधवांविषयी. त्यांतील बरेचसे झारखंडातून आले आहेत. मराठी अजून अडखळत बोलतात, आपल्या गायनातील शब्द त्यांना येत नाहीत, म्हणून ते गप्प उभे राहतात. वाट एकच, चिखल एकच, वेळही एकच. आपली नजर तेवढी दोन प्रकारची आहे. याकोबाच्या पत्रातील दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या चार ओव्या घरी जाऊन जरूर वाचाव्यात. सोन्याची अंगठी घातलेला आणि मळक्या कपड्यांचा असे दोघे जण सभेत येतात आणि दोघांना दोन जागा दाखविल्या जातात. याकोबाने त्या वागणुकीला दिलेले नाव आम्ही येथे लिहीत नाही, तिथेच वाचावे.

त्या चिठ्ठीनंतर कोणी त्यांना काही बोलले का, हे आम्हांला कळलेले नाही. एवढे मात्र खरे की गेल्या दोन आठवड्यांत त्यांतील दोघे आत आले नाहीत. बाजूच्या दाराबाहेर, पागोळ्यांखाली उभे राहून त्यांनी मिस्सा ऐकली आणि कम्युनियनच्या वेळी ते पुढे आले नाहीत. रात्रभर दुसऱ्याच्या दाराशी उभे राहिलेल्या माणसाने पहाटे देवाच्या दाराशीही उभेच राहावे, हे आम्हांला सहन होत नाही.

प्लेटोच्या ‘पार्मेनिदेस’ या संवादात एक मजेदार प्रसंग आहे. तरुण सॉक्रेटिस सांगत असतो की न्याय, सौंदर्य, चांगुलपणा यांची शाश्वत रूपे आहेत. वृद्ध पार्मेनिदेस त्याला विचारतो की मग केस, चिखल आणि मळ यांचेही काय? सॉक्रेटिस गडबडतो. असल्या वस्तूंना कसले रूप, असे म्हणून तो मागे सरतो. पार्मेनिदेस त्याला समजावतो, तू अजून तरुण आहेस, लोकांच्या मताची तुला पर्वा आहे म्हणून तुला या गोष्टी तुच्छ वाटतात. जगातील एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञालाही चिखलापाशी अडखळावे लागले!

आपल्या देवाला मात्र चिखलाची लाज कधीच वाटली नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात तो मातीत हात घालून माणूस घडवितो. योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभू येशू थुंकीने चिखल करून जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो. दुसऱ्या शतकातील लियोंचे बिशप संत इरेनियस यांनी या दोन्ही प्रसंगांची सांगड घातली आहे. ज्या हातांनी प्रथम मातीतून मनुष्य घडविला तेच हात त्या अंध माणसाचे अपुरे काम चिखलाने पूर्ण करतात, असे ते स्पष्ट करतात. आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रेषितीय बोधपत्रात लिहिले की बंद दारांत स्वतःला जपत बसलेल्या ख्रिस्तसभेपेक्षा रस्त्यावर उतरून जखमी झालेली, मळलेली ख्रिस्तसभा त्यांना अधिक प्रिय आहे. रस्त्यावर उतरणे आपल्याला जमेल तेव्हा जमेल. रस्ता आपण होऊन आत येत असेल तर त्याला निदान अडवू नये.

आता पुन्हा यिर्मयाकडे जाऊ. त्याला वर काढणारा एबद-मलेख हा कूश देशाचा, म्हणजे परका माणूस. राजवाड्यातील एक सेवक. यरुशलेमच्या सरदारांपैकी कोणालाही जे सुचले नाही ते त्याला सुचले. तो राजाकडे गेला आणि हा माणूस तिथे मरेल असे सरळ सांगून टाकले. राजाने सोबत माणसे दिली. आजचे वाचन येथे, दहाव्या ओवीवर थांबते. आमच्या मते ते तीन ओव्या लवकर थांबते. पुढे असे आहे की एबद-मलेख दोर घेऊन थेट टाक्याकडे धावला नाही. तो आधी राजवाड्यातील भांडाराखालच्या खोलीत गेला. तिथून त्याने जुनी फाटकी वस्त्रे, चिंध्या गोळा केल्या, त्या दोराने यिर्मयाकडे खाली सोडल्या आणि वरून सांगितले की या काखेत धर आणि मग त्यावरून दोर घे.

घाई होती. सरदारांना कळले असते तर त्याचाही जीव गेला असता. तरीही चिखलात रुतलेल्या माणसाला ओढताना दोर काखेत रुततो, कातडी सोलून निघते, एवढा विचार त्याने केला. चिखलातून ओढून काढणारे पुष्कळ भेटतात आणि ओढताना माणूस सोलून काढणारेही त्यांच्यातच असतात. मदत करताना चार शब्द ऐकवायचे, उपकाराची आठवण द्यायची, पाय धुऊन यायला काय झाले असे विचारायचे. पुढच्या, एकोणचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर याच परक्या सेवकाला निरोप पाठवितो की शहर पडेल, पण तू वाचशील.

तेव्हा धर्मग्राम परिषदेशी बोलून पुढीलप्रमाणे ठरले आहे. बाजूच्या दाराबाहेर नळ आहेच, त्याखाली पाय धुण्यासाठी एक पाथरी या आठवड्यात बसविण्यात येईल. सक्ती कोणालाही नाही. ज्याला वेळ नसेल त्याने तसेच आत यावे, लादी नंतर पुसता येते आणि सोमवारी ती पुसण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे. कचेरीच्या व्हरांड्यात हवा भरण्याचा पंप, दोन ट्यूब आणि पंक्चरचे सामान ठेवलेले आहे. ते सर्वांसाठी आहे, विचारण्याची गरज नाही. मोटारींच्या जागेच्या टोकाला पत्र्याखालचे दोन चौकोन सायकलींसाठी मोकळे ठेवावेत. बांधावरच्या वाटेला ज्या दोन ठिकाणी पाणी तुंबते तिथे विटांचे तुकडे आणि रेताड माती टाकण्यासाठी येत्या रविवारी आठच्या मिस्सानंतर युवकांनी घमेली घेऊन जमावे. आमच्या ओळखीच्या त्या तरुणाने यायचे कबूल केले आहे. त्याचे वडीलही येणार आहेत, कारण पाणी नेमके कुठून येते ते त्यांनाच ठाऊक आहे. झारखंडच्या बांधवांना बोलाविण्यासाठी आम्ही बुधवारी पहाटे दारात उभे राहणार आहोत. आपल्यापैकी आणखी दोघे-तिघे उभे राहिले तर बरे.

आणि भगिनींना एक विनंती. नळाशेजारच्या खुंटीवर हातपाय पुसण्यासाठी कपडा लागेल. घरातील जुनी सुती लुगडी, धोतरे, फाटलेल्या चादरी असतील त्या धुऊन कचेरीत आणून द्याव्यात. नायलॉनच्या साड्या कृपया आणू नयेत, त्यांनी पाणी टिपले जात नाही.

आपले धर्मगुरू